नाव मोठं की नंबर खरा? कॉर्व्हेट स्टिंग रे (१९६३–१९६७): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेवरोलेच्या दुसऱ्या पिढीच्या कॉर्व्हेटबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे बहुतेक जण अमेरिकेत राहणारे, पहिल्यांदाच अशी गाडी घ्यायला निघालेले. काही पुण्या-मुंबईचे, ज्यांना ती इकडे आणायची आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ६, ८ आणि ११ आधी वाचा. पैसे बुडतात ते बहुधा तिथेच.

१. स्टिंग रे ही कॉर्व्हेटपेक्षा वेगळी गाडी आहे का?

नाही. कॉर्व्हेट १९५३ पासून बनते आहे. १९६३ ते १९६७ या पाच वर्षांतल्या दुसऱ्या पिढीचं नाव स्टिंग रे. अमेरिकेत जाणकार हिला ‘सी टू’ किंवा ‘मिडइयर’ म्हणतात. १९६८ ला तिसरी पिढी आली तेव्हा हे नाव काढलं आणि १९६९ ला परत लावलं, पण जोडून, एकच शब्द म्हणून. त्यामुळे १९६५ च्या गाडीवर जोडशब्दाचा बॅज दिसला तर तो नंतर कुणीतरी चिकटवलेला आहे.

सगळ्या सी टू मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसच्या कारखान्यात जुळल्या. पाच वर्षांत एकूण १,१७,९६४. म्हणजे गाडी दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहेत त्या तिच्यातल्या काही जोडण्या, आणि किमतीचा सगळा खेळ त्यावर चालतो.

२. लांबून बघून वर्ष कसं ओळखायचं?

- १९६३: कूपेची (पक्क्या छताच्या गाडीची) मागची काच मधोमध दुभागलेली. बॉनेटवर दोन खोट्या जाळ्या.
- १९६४: मागची काच एकसंध. बॉनेटवरच्या जाळ्या गेल्या, पण त्यांचे खळगे राहिले.
- १९६५: बॉनेट सपाट. पुढच्या मडगार्डवर तीन उभ्या, खरोखर हवा सोडणाऱ्या फटी. चारही चाकांना डिस्क ब्रेक.
- १९६६: पुढच्या ग्रिलला चौकटी-चौकटींची जाळी. कूपेच्या छताच्या खांबावरची हवेची तोंडं गायब.
- १९६७: मडगार्डवर पाच तिरक्या फटी, नंबरप्लेटच्या वर एकच रिव्हर्स लाइट, हँडब्रेक दोन सीटच्या मध्ये.

हे सगळे भाग बोल्टने किंवा फायबर जोडून बदलता येतात. म्हणून डोळ्यांनी वर्ष ओळखा, पण खात्री प्रश्न ७ मधल्या नंबरनेच करा.

३. दुभागलेल्या काचेची १९६३ ची कूपे इतकी महाग का?

कारण ती एकाच वर्षी निघाली, १०,५९४ नग. डिझाइनप्रमुख बिल मिचेल यांना काचेच्या मधला तो पट्टा हवाच होता. इंजिनिअर झोरा अर्कुस-डंटॉव यांना मागचं दिसत नाही म्हणून तो नको होता. पहिलं वर्ष मिचेल जिंकले, पुढच्या वर्षापासून डंटॉव.

गंमत अशी की त्या काळी बऱ्याच मालकांनी आपली गाडी ‘नवी’ दिसावी म्हणून हा पट्टा कापून १९६४ ची अखंड काच बसवली. आज तेच उलट करायला लोक पैसे मोजतात. त्यामुळे दोन प्रकार सापडतात: खरी १९६३, जिचा पट्टा कापून पुन्हा बसवला आहे, आणि १९६४ किंवा नंतरची, जिला पट्टा लावून १९६३ म्हणून विकतात. पहिल्या प्रकारात आतल्या बाजूने, छताचं अस्तर काढल्यावर, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना नव्या फायबरचा सांधा दिसतो. तो नीट भरला असेल तर गाडी घ्यायला हरकत नाही, भाव मात्र त्या हिशेबाने करा. दुसऱ्या प्रकाराचं बिंग नंबर वाचताच फुटतं.

४. इंजिनं कोणकोणती होती? कोणतं घ्यावं?

सुरुवातीला सगळी ३२७ घनइंचांची व्ही-एट. १९६३ ला २५०, ३००, ३४० आणि फ्युएल इंजेक्शनवाली ३६० हॉर्सपॉवर. १९६४ ला वरच्या दोन्ही वाढून ३६५ आणि ३७५ झाल्या. १९६५ ला ३५० हॉर्सपॉवरचं एक इंजिन आलं, ‘एल ७९’, आणि पहिलं मोठं ब्लॉक (आकाराने मोठं इंजिन; ३२७ ती लहान ब्लॉकची), ३९६ घनइंच, ४२५ हॉर्सपॉवर. त्याच वर्षाअखेर फ्युएल इंजेक्शन बंद झालं, कारण त्याहून कमी पैशांत मोठं ब्लॉक जास्त ताकद देत होतं. १९६६ पासून ४२७. १९६७ ला तीन कार्ब्युरेटरवालं ४३५ हॉर्सपॉवरचं, आणि रेसिंगसाठीचं ‘एल ८८’. त्याची घोषित ताकद मुद्दाम कमी, ४३० सांगितली होती. नग फक्त २०.

चालवायला घ्यायची असेल तर ३०० किंवा ३५० चं. दोन्हींचे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) हायड्रॉलिक, म्हणजे सारखं सेटिंग नको. ३६५ आणि ३७५ चे सॉलिड टॅपेट गरम इंजिनवर ०.०३० इंच गॅप ठेवून लावावे लागतात आणि आवाज करतात. रोचेस्टर फ्युएल इंजेक्शन पूर्ण यांत्रिक आहे. गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी सुरू करायला जा, आतलं पेट्रोल उकळून वाफ झालेली असते आणि गाडी रुसते. ते दुरुस्त करणारे हात आता मोजकेच उरलेत.

५. ही गाडी कोणकोणत्या प्रसिद्ध लोकांकडे होती?

सगळ्यात ठाऊक असलेली म्हणजे जो बायडन यांची १९६७ ची कन्व्हर्टिबल. रंग गुडवुड ग्रीन, ३२७ इंजिन, हाताचे गिअर. वडिलांनी लग्नाची भेट म्हणून दिलेली, आणि बायडन यांनी ती कधीच विकली नाही. ती उभी असते त्याच गॅरेजमध्ये गोपनीय सरकारी कागद सापडल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली, म्हणून गाड्यांशी देणंघेणं नसलेल्यांनाही ती माहीत झाली.

नील आर्मस्ट्राँग यांच्याकडे १९६७ ची मरीना ब्लू रंगाची कूपे होती, ४२७ इंजिन, ३९० हॉर्सपॉवर. चंद्रावर जाण्याआधीच ती त्यांच्या हातून पुढे गेली. जनरल मोटर्सच्या डिझाइन विभागाचे निवृत्त प्रमुख हार्ली अर्ल यांच्यासाठी कंपनीने १९६३ ची एक कन्व्हर्टिबल खास बनवून दिली होती, बाजूने काढलेल्या एक्झॉस्ट पाइपांसह.

अंतराळवीर आणि कॉर्व्हेट हे नातं ॲलन शेपर्ड यांच्यापासूनचं. १९६१ च्या उड्डाणानंतर कंपनीने त्यांना १९६२ ची कॉर्व्हेट दिली. पुढे जिम रॅथमन यांनी, १९६० ची इंडियानापोलिस ५०० जिंकलेले आणि फ्लोरिडात मेलबर्नला शेवरोलेची डीलरशिप चालवणारे, अंतराळवीरांना वर्षाला एक डॉलर भाड्याने गाड्या मिळतील अशी सोय लावली. जॉन ग्लेन मात्र कॉर्व्हेटच्या नादी लागले नाहीत.

एक घोळ नेहमी होतो. अपोलो १२ च्या तिघांच्या, कॉनरॅड, गॉर्डन आणि बीन यांच्या, त्या सोनेरी-काळ्या गाड्या स्टिंग रे सी टू नव्हत्या. त्या १९६९ च्या, म्हणजे तिसऱ्या पिढीच्या. तिघांपैकी ॲलन बीन यांची आज अस्तित्वात असल्याचं माहीत आहे.

६. विकणारा म्हणतो, ‘ही अमक्या स्टारची गाडी.’ खरं-खोटं कसं करायचं?

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या: नाव गाडीवर कुठेही कोरलेलं नसतं, नंबर असतो. म्हणून कागदावर नाव आणि व्हीआयएन (गाडीचा ओळख-क्रमांक, प्रश्न ७) एकत्र दिसला पाहिजे. स्टारचा गाडीशेजारचा फोटो हा पुरावा नाही. फोटोत नंबरप्लेट वाचता येत असेल आणि तीच प्लेट व्हीआयएनसह एखाद्या जुन्या नोंदणीत असेल, तरच त्याला किंमत.

चालणारे कागद, वजनाच्या क्रमाने:

- त्या काळचं राज्याचं टायटल (मालकीचा दाखला) किंवा नोंदणी, नाव आणि पूर्ण व्हीआयएनसह.
- डीलरचं मूळ बिल.
- वॉरंटी पुस्तिका, जिच्यात १९६५ पासून ‘प्रोटेक्ट-ओ-प्लेट’ नावाची धातूची पट्टी असायची (प्रश्न १०).
- विमा कंपनीची किंवा गॅरेजची जुनी बिलं, व्हीआयएन असलेली.

नंतरच्या मालकाने नोटरीसमोर केलेलं ‘मला असं सांगितलं गेलं होतं’ छापाचं प्रतिज्ञापत्र म्हणजे ऐकीव माहितीवर मारलेला शिक्का. ते फाइलमध्ये राहू द्या, त्याचे पैसे देऊ नका.

‘आरटीओसारख्या ऑफिसातून जुन्या मालकांची यादी काढू’ हा विचार अमेरिकेत चालत नाही. १९९४ च्या चालक-गोपनीयता कायद्यामुळे राज्यांचे वाहन विभाग जुन्या मालकांची नावं सहसा कुणाही खरेदीदाराला देत नाहीत. सध्याच्या मालकाकडे कागद आहेत का, हाच प्रश्न उरतो.

अंतराळवीरांच्या गाड्यांत आणखी एक अडचण. त्या भाड्याच्या होत्या, त्यामुळे टायटलवर अंतराळवीराचं नाव नसेल तर आश्चर्य नको. तिथे भाडेकरार, डीलरची कागदपत्रं आणि त्या काळच्या नोंदणीच्या पावत्या यांची साखळी लागते. मधली एक कडी तुटली तर गाडी चांगली असेलही, पण ‘अंतराळवीराची’ म्हणून जास्तीचा एक डॉलरही देऊ नये.

७. व्हीआयएन कुठे असतो आणि कसा वाचायचा?

ग्लव्ह बॉक्सच्या खाली, पॅसेंजर बाजूला, आडव्या पोलादी पट्टीवर. गुडघे टेकून टॉर्च मारावा लागतो. काचेतून दिसेल अशा जागी तो १९६८ ला आला. शेजारीच ट्रिम टॅग असतो, रंग, सीटचं कापड आणि बॉडी कधी बनली ते सांगणारा.

१९६३ चा नमुना: ३०८३७-एस-१००००१. पहिला ३ म्हणजे १९६३, ०८ म्हणजे कॉर्व्हेट, ३७ म्हणजे कूपे (६७ असेल तर कन्व्हर्टिबल), एस म्हणजे सेंट लुईस, शेवटचे सहा आकडे अनुक्रमांक. १९६४ ला सुरुवात ४ ने. १९६५ पासून मांडणी बदलली: १९४३७-७-एस-१००००१ यात १ म्हणजे शेवरोले, ९४ कॉर्व्हेट, ३७ कूपे, आणि नंतरचा ७ म्हणजे १९६७.

या नंबरात इंजिन कोणतं ते लिहिलेलं नसतं. ‘व्हीआयएनवरून ही ४३५ ची आहे’ असं कुणी म्हणालं, तर त्याला माहिती नाही किंवा तुम्हाला नाही असं तो धरून चाललाय.

८. ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे काय? स्वतः कसं तपासायचं?

इंजिनचा ब्लॉक गाडीला कारखान्यातच बसवलेला आहे, एवढाच त्याचा अर्थ. तपासायची जागा: इंजिनच्या पुढच्या टोकाला, पॅसेंजर बाजूच्या हेडच्या लगेच पुढे, ब्लॉकवरचा सपाट पट्टा. त्याला ‘पॅड’ म्हणतात. वर साठ वर्षांची काजळी असते. ब्रेक क्लीनर आणि मऊ फडकं घ्या. वायर ब्रश किंवा सँडपेपर अजिबात नको. पुरावा तुम्हीच पुसून टाकाल.

पॅडवर दोन शिक्के हवेत:

पहिला, इंजिन जुळणीचा. उदाहरणार्थ एफ-१११२-आरएफ: एफ म्हणजे फ्लिंटचा कारखाना (मोठ्या ब्लॉकला टी, म्हणजे टोनावांडा), १११२ म्हणजे १२ नोव्हेंबर, आरएफ म्हणजे १९६३ चं ३६० हॉर्सपॉवरचं फ्युएल इंजेक्शन. १९६७ च्या ४३५ ला जेई.

दुसरा, गाडीचा. वर्षाचा शेवटचा आकडा आणि व्हीआयएनचे शेवटचे सहा.

मग ब्लॉक ओतल्याची तारीख शोधा. लहान ब्लॉकवर ती मागच्या बाजूला, बेलहाउसिंगच्या (गिअरबॉक्सकडच्या आवरणाच्या) कडेला, पॅसेंजर बाजूला उठावात असते: के-१४-२ म्हणजे १४ नोव्हेंबर १९६२. ओतणी, मग जुळणी, मग गाडी, हा क्रम उलटा असेल तर विषय संपला. जरा थांबून पाहा: वरची दोन उदाहरणं एकाच इंजिनावर आली तर? ब्लॉक १४ ला ओतला आणि इंजिन १२ ला जुळलं! अशी चूक बनावट शिक्क्यात खरोखर सापडते. उलट अंतर सहा महिन्यांहून जास्त असेल तरी शंका घ्या.

एक खाचखळगा: ब्लॉकवर ए म्हणजे जानेवारी, पण ट्रिम टॅगवर ए म्हणजे त्या मॉडेल वर्षाचं उत्पादन सुरू झालं तो महिना, साधारण ऑगस्ट-सप्टेंबर. दोन्ही एकाच पद्धतीने वाचले तर चांगल्या गाडीवर उगाच आळ येतो.

शेवटी पॅडचा पृष्ठभाग. कारखान्यातल्या यंत्राने त्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेघा पडतात. त्या रेघा अक्षरांच्या आजूबाजूला अखंड दिसल्या पाहिजेत. पॅड गुळगुळीत, गोल चट्ट्यांचा किंवा रेघा आडव्या असतील तर तो घासून पुन्हा शिक्का मारला असण्याची शक्यता मोठी. मोबाइलने तिरप्या प्रकाशात फोटो काढा. सरळ फ्लॅशमध्ये या रेघा दिसत नाहीत.

९. इंजिन रिबिल्ड केलं तर मॅचिंग जातं का?

ब्लॉक तोच राहिला आणि पॅडला हात लागला नाही, तर जात नाही. बायडन यांच्या गाडीचंही इंजिन नंतर रिबिल्ड झालेलं आहे. धोका मशीन शॉपमध्ये असतो. हेड बसतं तो ब्लॉकचा माथा सपाट करण्याला ‘डेकिंग’ म्हणतात, आणि पॅड त्याच पातळीत असल्यामुळे मशीनच्या एका फेरीत शिक्के आणि रेघा दोन्ही साफ होतात. काम देताना लेखी सांगा की पॅड सोडून मशीन चालवायची, आणि ब्लॉक देण्याआधी पॅडचे फोटो काढून ठेवा. पॅड गेलंच असेल तर ‘पुन्हा ठोकून देतो’ म्हणणाऱ्याला नकार द्या. जुन्या फोटोंसह खरं सांगून विकलेली गाडी खोट्या शिक्क्याच्या गाडीपेक्षा बरी विकली जाते.

१०. टँक स्टिकर नाही, म्हणजे गाडी बोगस का?

१९६७ च्या आधीची असेल तर प्रश्नच येत नाही. पेट्रोलच्या टाकीच्या माथ्यावर ऑर्डरचा कागद चिकटवायची पद्धत १९६७ पासून दिसते. त्यानंतरही टाकी बदललेली असू शकते, किंवा कागद कुजलेला. असेल तर मात्र सोनं, कारण इंजिनसह प्रत्येक ऑप्शन त्यावर असतो. टाकी उतरवताना वर पाणी मारू नका. आधी फोटो, मग हात.

प्रोटेक्ट-ओ-प्लेटवर व्हीआयएन आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल यांचे कोड उठावात असतात. पुस्तिकेत पहिल्या मालकाचं नाव-पत्ता. या पट्ट्या आज नव्याही बनवून मिळतात, त्यामुळे एकट्या पट्टीवर विसंबू नका. नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटी, थोडक्यात एनसीआरएस, गाडी मूळ कोणत्या डीलरकडे पाठवली त्याचा अहवाल देते. ‘फ्लोरिडाच्या अंतराळवीराची’ म्हणून विकायला काढलेली गाडी मुळात ओरेगॉनला पाठवल्याचं निघालं, तर पुढचे कागद आणखी बारकाईने बघा.

११. बॉडी फायबरची आहे, मग गंजाची काळजी कशाला?

कारण गंजतो तो आतला सांगाडा. फायबरच्या खाली काचेभोवती आणि दारांभोवती पोलादी पिंजरा आहे, ‘बर्डकेज’. त्याखाली पोलादी चासी. बाहेरून आरशासारखा पेंट आणि आत चाळण, हे इथे सहज शक्य आहे.

काय बघायचं:

- पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, पट्ट्या काढता आल्या तर काढून. पाणी इथून उतरतं.
- पायाजवळच्या बाजूच्या झडपा काढून दाराच्या बिजागरीच्या खांबाचं तळ. स्क्रूड्रायव्हरने ठोका. टणक आवाज हवा, खपल्या नकोत.
- मागच्या चाकांच्या पुढे, चासी वर वळते तो भाग. आत माती साचते आणि खालून सडते.
- दार उघडून बंद करा. वर उचलून लावावं लागत असेल आणि बिजागरी नवी असेल, तर खांब बसलाय.

मिशिगन, ओहायो, न्यू जर्सीत रस्त्यावर मीठ पडतं, तिथे आयुष्य गेलेल्या गाडीला लिफ्टवर चढवल्याशिवाय टोकन देऊ नका. बर्डकेज दुरुस्तीला बॉडी चासीवरून उचलावी लागते, आणि ते काम बऱ्याचदा इंजिनाच्या कामापेक्षा महाग पडतं.

१२. अपघात झालेली किंवा पॅनल बदललेली गाडी कशी कळते?

चाकाच्या कमानीत डोकं घाला. मूळ पॅनल जिथे जोडले आहेत तिथे मागून पट्ट्या चिकटवलेल्या असतात. मूळ फायबर साच्यात दाबून केलेलं, करड्या रंगाचं आणि आतूनही बऱ्यापैकी गुळगुळीत. हाताने थापलेल्या बदली भागाची आतली बाजू खरखरीत, चटईसारखी विणलेली दिसते. लांबी (पुट्टी) शोधायला लोखंडी पत्र्यावर वापरतात तसं चुंबक इथे कामाचं नाही. बाहेरून कडेने नजर लावून उजेडाची रेघ तुटते का ते बघा. पुढचं अख्खं नाक एकसंध बदललेलं असेल तर त्या पट्ट्याच नसतात.

१३. १९६५–६७ च्या गाडीचे ब्रेक आठवडाभर बरे, मग पेडल खाली जातं. पुन्हा पुन्हा हवा का येते?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. ऑइल गळत नाही तरी हवा शिरते, म्हणून लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात. खरा दोष बहुधा डिस्कच्या डोलण्यात असतो. प्रत्येक कॅलिपरला (डिस्कला चिमटणाऱ्या भागाला) चार पिस्टन आहेत आणि त्यांचे सील ओठासारखे. डिस्क डोलली की पिस्टन पंपासारखे आत-बाहेर होतात आणि सीलच्या ओठावरून हवा आत ओढली जाते.

क्रम असा:

१. चाक काढा, नट उलटे लावून डिस्क घट्ट आवळा, डायल गेज लावा. डोलणं ०.००५ इंचाच्या आत हवं. ०.००३ च्या आत असेल तर उत्तम.
२. जास्त असेल तर कारण शोधा. कारखान्यात डिस्क रिव्हेटने हबला जोडून मगच तासली जायची. कुणी रिव्हेट उडवून नवी डिस्क नुसती अडकवली असेल, तर ती शिम (पातळ चकत्या) लावून जुळवावी लागते.
३. कॅलिपरचे बोअर बघा. साधं बीड, ओलाव्याने खड्डे पडतात. स्टेनलेस स्लीव्ह बसवलेले कॅलिपर घ्या. सील ओ-रिंगचे घेतले तर थोडं डोलणंही सहन होतं.
४. हवा काढताना मागच्या कॅलिपरला दोन निपल असतात, आत एक, बाहेर एक. आतला विसरतो तो दर आठवड्याला पेडल पंप करतो. क्रम: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं.

१९६६ पर्यंत मास्टर सिलिंडर बहुधा एकाच सर्किटचा आहे. एक होज फुटला तर चारही ब्रेक जातात. १९६७ ला सगळ्या गाड्यांना दोन सर्किट आले. नियमित चालवणार असाल तर जुन्या गाडीला १९६७ चा मास्टर बसवणं शहाणपणाचं, मूळ भाग डब्यात जपून ठेवा.

१४. मागून घरघर येते, टायर आतून झिजतात. काय झालंय?

मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे: आडवी, नऊ पाट्यांची स्प्रिंग, दोन ट्रेलिंग आर्म, आणि हाफशाफ्ट हेच वरचे लिंक. घरघर बहुधा चाकाच्या बेअरिंगची. प्रत्येक बाजूला दोन टेपर बेअरिंग असतात. त्यांचा खेळ शिमने ०.००१ ते ०.००८ इंचांत ठेवतात. ग्रीस भरायला बाहेरून निपल नाही, त्यामुळे कुणी उघडतच नाही. हातोड्याने स्पिंडल ठोकून काढू नका, आटे जातात. ओढण्याचं अवजार वापरा किंवा अख्खा आर्म अनुभवी गॅरेजकडे पाठवा.

टायर आतून झिजत असतील तर अलाइनमेंट. कॅम्बर (चाकाचा उभा कल) स्ट्रट रॉडच्या आतल्या बोल्टने बदलतो, टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) मात्र ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या टोकाच्या शिमनी. हा पुढचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. अलाइनमेंटवाल्याने ‘मागचं होत नाही’ म्हटलं तर कारण हेच. बोल्ट करवतीने कापायचा, बुश नवे, शिम स्टेनलेसचे.

१५. ट्रॅफिकमध्ये गरम होते, हायवेवर ठीक. रेडिएटर बदलू का?

आधी रेडिएटरभोवतीच्या फोमच्या आणि रबराच्या पट्ट्या बघा. त्या नसतील तर हवा रेडिएटरमधून न जाता कडेने निसटते. मग फॅनचा क्लच आणि आच्छादन. रेडिएटर शेवटी. आणि काटा खरा आहे का तेही तपासा: नव्याने बनणारे बरेच सेंडर (काट्याला तापमान कळवणारे भाग) जास्त तापमान दाखवतात. थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा आणि ताडून बघा.

१६. दिवे मिणमिणतात, हेडलाइट उलटे होत नाहीत.

फायबर वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, काट्याला स्वतःची अर्थिंगची वायर आहे. दहापैकी बहुतेक तक्रारी तिथल्या गंजलेल्या टोकाच्या निघतात. टोक घासा, नवा स्टार वायसर, मग पुढचं. हेडलाइट बंद असताना आत वळलेले असतात, ते फिरवायला प्रत्येकी एक मोटर आहे (व्हॅक्यूम १९६८ ला आला). अडकला तर मोटरच्या टोकाची मूठ हाताने फिरवून उघडता येतो.

स्पार्क प्लगच्या वायरींवरची क्रोमची झाकणं शोभेची समजून काढून टाकतात. ती रेडिओतली खरखर अडवायला आहेत, कारण फायबरचं बॉनेट ती अडवत नाही.

१७. कोणतं पेट्रोल, कोणतं ऑइल?

३०० पर्यंतच्या इंजिनांचं कॉम्प्रेशन १०.५ ला १, सॉलिड टॅपेटवाल्यांचं ११ ला १. अमेरिकेतलं प्रीमियम, ९१ ते ९३. तरीही चढावर टकटक आली तर टायमिंग थोडं मागे घ्या. ‘एल ८८’ साठी गाडीतच किमान १०३ रिसर्च ऑक्टेनची ताकीद चिकटवलेली असायची. ती पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालवू नये.

इथेनॉल जुन्या रबराला खातं. टाकीजवळचे आणि पंपाजवळचे होजचे छोटे तुकडे इथेनॉल चालणाऱ्या नव्या होजचे करा. ऑइल झिंक जास्त असलेलं, फ्लॅट टॅपेटसाठीचं. नवा कॅमशाफ्ट बसवला असेल तर पहिल्यांदा सुरू होताच वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर ठेवा, आयडल करू नका. पहिल्याच मिनिटांत कॅमचे उंचवटे घासले जातात.

१८. मधोमध एकाच मोठ्या नटाची चाकं सुरक्षित आहेत का?

नीट आवळली तर. शिशाच्या हातोड्याने आवळा, वीसेक मैल चालवा, पुन्हा आवळा. सेफ्टी पिनची सोय असलेली चाकं घ्या. १९६७ ला नियमामुळे ही चाकं बंद होऊन बोल्टची ॲल्युमिनियम चाकं आली, तेव्हा १९६७ वर असा नट दिसला तर तो नंतरचा.

१९. जुना पेंट ठेवावा की नवा मारावा?

मूळ पेंट असेल तर ठेवा, तडे असले तरी. एनसीआरएसच्या तपासणीत ‘टॉप फ्लाइट’ पुरस्कारासाठी ९४ टक्के गुण लागतात आणि तिथे चमक नव्हे, कारखान्यातून आली तशी आहे का, हे बघतात. अति गुळगुळीत पेंटचेही गुण जातात!

२०. अमेरिकेत विमा, प्रदूषण तपासणी?

विमा ‘ॲग्रीड व्हॅल्यू’चाच (आधी ठरवलेल्या किमतीचा) घ्या, साध्या विम्यात घसारा लावतात. प्रसिद्ध मालकाची जादा किंमत हवी असेल तर प्रश्न ६ मधले कागद विमा कंपनीला आधीच द्या. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. सुट्या भागांसाठी पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलचा ऑगस्टमधला कॉर्व्हेट मेळा चुकवू नका.

२१. महाराष्ट्रात आणून नोंदवता येईल का?

नोंदणीची सोय आहे. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या खासगी गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते. नंबरमध्ये राज्याच्या कोडनंतर ‘व्हीए’ येतं. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. अर्ज फॉर्म २० मध्ये, सोबत विमा आणि आयात गाडीचं बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद). रोज ऑफिसला न्यायची परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, इंधन आणि दुरुस्तीसाठीच.

अडतं ते आयातीत. कारखान्यातून उजव्या हाताच्या स्टीअरिंगची कॉर्व्हेट आली ती थेट आठव्या पिढीत, म्हणजे स्टिंग रे डाव्या हाताचीच असणार. परदेश व्यापार महासंचालनालयाचं त्या दिवशी लागू असलेलं धोरण आणि कस्टम्सचं शुल्क लेखी कळल्याशिवाय तिकडे टोकन देऊ नका. स्टीअरिंग उजवीकडे आणायचा विचार करत असाल, तर ‘मूळ स्वरूप’ ही अट पुन्हा वाचा.

२२. ब्लॉकवर ‘सीई’ असा शिक्का आहे, व्हीआयएन जुळत नाही. पण मालकाचे कागद अस्सल आहेत. मग?

‘सीई’ म्हणजे वॉरंटीत कंपनीने बदलून दिलेला ब्लॉक. शिक्क्यातला पुढचा आकडा वर्ष सांगतो. तेव्हा जोरात चालवून इंजिनं फुटायची, आणि नावाजलेले मालक काही हळू चालवणारे नव्हते. अशी गाडी ‘मॅचिंग’ नाही, पण बनावटही नाही. बदलीचं डीलरकडचं बिल असेल आणि त्यावर प्रश्न ६ मधल्याच मालकाचं नाव असेल, तर तो ब्लॉक मालकीच्या साखळीतली एक जादा कडी ठरतो. बिल नसेल तर साधी, इंजिन बदललेली स्टिंग रे म्हणून भाव करा, आणि ब्लॉक काढून ‘योग्य तारखेचा’ दुसरा बसवायच्या भानगडीत पडू नका.